आजार गेला, दम राहिला

(आपल्या विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना जे सुटले ते स्मरणिकेसाठी लिहिताना भरून काढले आहे.)



मी काही विद्वान माणूस नाही. शाळा नववीपर्यंत झाली, पुढचे शिक्षण सूतगिरणीच्या रात्रपाळीत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. समितीने मला सांगितले, "तुम्ही कामगारांचं बोला." मी कामगारांचेच बोलणार आहे, पण आज पगाराचे आणि बोनसचे बोलणार नाही. आज छातीचे बोलणार आहे.

आपल्या विहाराला अकरा पायऱ्या आहेत. या पायऱ्या बांधताना मी स्वतः वाळूची घमेली वाहिलेली आहेत. २०२१ च्या जुलै महिन्यात, आजारातून उठल्यावर, मी पहिल्यांदा वंदनेला आलो आणि चौथ्या पायरीवर थांबलो. पुढे पाय उचलेना. वर उभ्या असलेल्या एका आजी म्हणाल्या, "आरं, तुझं वय काय आन् धापा काय टाकतूस? बसून बसून आळस चढला व्हय?" सगळे हसले. मीही हसलो. त्या आजींचा काही दोष नाही, त्यांनी मायेनेच म्हटले. परंतु मी का हसलो, आणि त्या हसण्याखाली मी काय झाकले, ते आज तुमच्यासमोर कबूल करायचे आहे.

एप्रिल २०२१ आठवा. त्या वर्षी बाबासाहेबांची जयंती आपण घरातच, दारात दिवा लावून केली होती. त्याच आठवड्यात मला ताप आला. पाचव्या दिवशी बोटाला लावायचे ते ऑक्सिमीटर शेजारच्याकडून आणले, त्यात आकडा आला ८८. निरोगी माणसाचा आकडा ९५ ते १०० असतो. गंमत अशी की मला तेव्हा फारसे काही वाटत नव्हते, मी खाटेवर बसून चहा पीत होतो. या आजाराची लबाडी हीच होती, आकडा खाली जायचा आणि माणसाला पत्ता नसायचा. पोरांनी गाडी केली, दोन ठिकाणी खाट नाही म्हणून परत लावले, तिसऱ्या ठिकाणी मिळाली. तेरा दिवस नाकाला नळी होती. माझ्या शेजारच्या खाटेवरचा माणूस गेला, त्याच्या पलीकडचाही गेला. मी घरी आलो. घरच्यांनी ओवाळले. सगळ्यांना वाटले, सुटला. मलाही तसेच वाटले.

बंधूंनो आणि भगिनींनो, आजार जाणे आणि माणूस बरा होणे या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे मला पुढच्या वर्षभरात कळले.

हे कसे होते ते मला एका छातीच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावले, ते मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगतो. आपले फुप्फुस म्हणजे काही पोकळ फुगा नव्हे. त्यात तीस ते पन्नास कोटी बारीक बारीक फुगे असतात, त्यांना वायुकोश म्हणतात. ते सगळे उलगडून जमिनीवर पसरले तर सुमारे सत्तर चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे आपल्या या विहाराच्या सभागृहाहून जास्त. प्रत्येक फुग्याची भिंत अतिशय पातळ असते. भिंतीच्या एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला रक्त. हवेतला प्राणवायू त्या भिंतीतून पाझरून रक्तात जातो. भिंत पातळ आहे तोवर सगळे सुरळीत.

विषाणू आत गेला की तो या भिंतीच्या पेशींवरच हल्ला करतो. ज्या पेशी भिंत दुरुस्त करतात, त्याच पेशी त्याला सापडतात. मग शरीराची फौज धावून येते. लढाई होते, सूज येते, फुग्यात पाणी भरते. तोच तो न्यूमोनिया. लढाई संपल्यावर दुरुस्ती सुरू होते. आता दुरुस्ती दोन तऱ्हेची असते. हात थोडा खरचटला तर महिन्याभराने खूणही राहत नाही. पण खोल भाजला तर तिथे जाड, ताठ कातडी येते, ती मूळ कातडीसारखी ताणली जात नाही. फुप्फुसातही तसेच. जखम हलकी असेल तर भिंत पूर्ववत होते. जखम खोल असेल, फार दिवस चाललेली असेल, तर शरीर घाईघाईने चिवट धाग्यांचे ठिगळ लावते. पातळ भिंत जाड होते, मऊ फुप्फुस ताठ होते. यालाच डॉक्टर फायब्रोसिस म्हणतात आणि आपले लोक म्हणतात, "फुप्फुसाला जाळी धरली."

मी सूतगिरणीतला माणूस, मला हे लगेच उमगले. आमच्या खात्यात हवा गाळायच्या जाळ्या असतात. त्यांच्यावर पिंजणीचा थर बसला की पंखा तेवढाच जोरात फिरतो, आवाजही तेवढाच करतो, पण हवा पुढे जात नाही. जाळी धरलेल्या छातीचे तेच. माणूस श्वास घेतो, जोरजोराने घेतो, पण रक्तापर्यंत पुरेसे पोचत नाही. बसला असताना भागते. चार पायऱ्या चढला की भागत नाही. फरक एवढाच की गिरणीतली जाळी झाडून साफ करता येते, छातीतली येत नाही.

डॉक्टरांना मी विचारले, "साहेब, हे कायमचं का?" त्यांनी दिलेले उत्तर मी विसरणार नाही. ते म्हणाले, "फोटोत जे दिसतंय त्यातलं किती निखारा आहे आणि किती राख, ते आज सांगता येणार नाही. निखारा म्हणजे अजून चालू असलेली सूज, ती विझते. राख म्हणजे वण, तो राहतो. तीन महिन्यांनी पुन्हा या." आणि खरेच, बहुतेक रुग्णांच्या फोटोतले डाग सहा महिने ते वर्षभरात पुष्कळसे विरून जातात. थोड्यांचे राहतात. ज्यांचे वय जास्त, ज्यांचा आजार भारी झाला, ज्यांना व्हेंटिलेटर लागला, जे विडी-सिगारेट ओढत होते, त्यांचे राहण्याचा धोका जास्त.

हे काही माझ्या एकट्याचे रडगाणे नाही. चीनमधील वुहान शहरात दवाखान्यातून घरी गेलेल्या १,२७६ रुग्णांची वर्षभराने पुन्हा तपासणी झाली. २०२१ साली ती प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी शंभरातल्या २६ जणांना दम लागत होता, वर्षाने ३० जणांना. आपल्या देशात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने २०७ रुग्ण तपासले, त्याचे निष्कर्ष २०२४ साली आले. फुप्फुसातून रक्तात वायू किती जातो हे मोजायची एक चाचणी असते, त्यात सुमारे ४४ टक्के लोक कमी भरले. म्हणजे दवाखान्याच्या वहीत "बरा होऊन घरी गेला" असा शेरा असलेली ही माणसे. त्यांचा ताप गेला होता, दम राहिला होता.

आता मी माझ्या कबुलीकडे येतो.

मी घरी आल्यावर सहा आठवड्यांनी गिरणीत रुजू झालो. घरात पैसा नव्हता, दवाखान्याचे देणे होते. माझ्याच खात्यात एक जोडीदार होता, वयाने माझ्याहून बारा वर्षांनी लहान, कंत्राटदाराकडचा. तोही माझ्यासारखाच आजारातून उठलेला. दोघांनाही दम लागायचा. मला युक्ती सापडली होती. दम लागला की बॉबिनच्या गाडीमागे जायचे, बूट बांधायच्या निमित्ताने वाकायचे आणि श्वास भरून घ्यायचा. त्याला अशी लबाडी जमली नाही. तो उघड उघड साच्याजवळ खाली बसायचा. एका दिवशी मुकादम म्हणाला, "काम होत नसेल तर घरी बस." पुढच्या महिन्यात त्याचे नाव हजेरीतून गेले. लोक म्हणाले, कामचुकार निघाला.

मित्रहो, मी तीस वर्षे कामगार चळवळीत आहे. कुणाचा एक खाडा चुकीचा मांडला तरी मी ऑफिसात जाऊन भांडलो आहे. त्या दिवशी मी तोंड उघडले नाही. कारण मी म्हटले असते की या पोराची छाती तपासा, तर कुणीतरी म्हटले असते, तुमचीही तपासू. माझ्या मनात भीती होती, आणि भीतीच्या मागे लाज होती. दम लागतो म्हणजे आपण म्हातारे झालो, नालायक झालो, असे मला वाटत होते. तो पोरगा नंतर शेळ्या राखू लागला. दोन वर्षांनी त्याच्या घरच्यांनी त्याला पुण्याला दाखवले, तेव्हा जाळी बरीच पसरली होती. आज घरी त्याच्या उशाशी ऑक्सिजनचे यंत्र आहे आणि वीज गेली की त्याची बायको पुठ्ठ्याने वारा घालते. लवकर दाखवले असते तर तो पूर्ण बरा झाला असता, असे मी म्हणणार नाही, ते कुणालाच सांगता येणार नाही. पण त्याला दोन वर्षे आळशी म्हणून जगावे लागले नसते, एवढे नक्की. त्याची माफी मी त्याच्या घरी जाऊन मागितली आहे. आज तुमच्यासमोर सांगतो आहे ते यासाठी की, या सभागृहात कुणी माझ्यासारखे हसून झाकत असेल तर त्याने झाकू नये.

आपल्या समाजाला छातीचे दुखणे नवे नाही. माझे वडील मुंबईला परळच्या गिरणीत होते, कापूस पिंजायच्या खात्यात. साप्ताहिक सुट्टीनंतर पहिल्या पाळीला त्यांची छाती आवळून यायची, आठवडा सरता सरता सैल व्हायची. आई म्हणायची, गिरणीचा खोकला आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पुढे वडील सुप्याला परत आले ते कायमचेच. ते गेले त्यानंतर कितीतरी वर्षांनी मी एका पुस्तकात वाचले की कापसाच्या धुळीने होणाऱ्या या आजाराला बिसिनोसिस म्हणतात, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळणे हीच त्याची खूण आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात कळवण्याजोग्या आजारांच्या यादीत त्याचे नाव छापलेले होते. माझ्या वडिलांना आजार होता, कायद्यात त्याचे नाव होते, पण दोघांची भेट झाली नाही. हा आजार श्वासनळ्यांचा, कोविडनंतरची जाळी वायुकोशांची, दोन्ही वेगळे आहेत. परंतु ज्याच्या छातीत आधीच पंचवीस वर्षांची धूळ आहे, त्याच्यावर विषाणूचा घाव पडला तर त्याच्याकडे शिल्लक किती राहणार? चुलीपुढे आयुष्य काढलेल्या बाईचे तेच, खडी फोडणाऱ्याचे तेच, एकदा क्षय होऊन गेलेल्याचेही तेच.

आणि रोग सगळ्यांना सारखाच गाठतो, असे जे म्हणतात त्यांना एक आकडा सांगावासा वाटतो. १९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ जूनमध्ये मुंबईत उतरली आणि तिथून देशभर पसरली. देशात एक कोटीहून जास्त माणसे गेली. मुंबई शहरात त्या साथीत युरोपियन लोकांत हजारी ८.३ मृत्यू झाले, सवर्ण हिंदूंत १८.९, आणि खालच्या म्हटल्या गेलेल्या जातींत ६१.६. विषाणूला जात कळत नाही. पण अंधारी खोली, दाटीची चाळ, अर्धे पोट आणि धुळीचे काम जातीप्रमाणे वाटलेले होते.

त्याच मुंबईत आपल्या माणसांना गिरणीच्या विणकाम खात्यात घेत नसत. का? तर धोट्यातल्या कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि आमच्या तोंडाचा विटाळ त्यांना नको होता. विणकामात पगार जास्त, आणि तिथेच दार बंद. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि या खात्यात अस्पृश्यांना प्रवेश मिळालाच पाहिजे, असे ठणकावून सांगितले. धागा तोंडाने ओढताना कापसाची धूळ थेट तोंडात जाते, तेव्हा ते काम आरोग्याला चांगले नव्हतेच. पण दार कुणासाठी बंद आहे आणि धूळ कुणाच्या वाट्याला आहे, हे दोन्ही प्रश्न विचारायला बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले. म्हणून दम लागणे हा केवळ डॉक्टरचा विषय नाही, तो आपल्या चळवळीचाही विषय आहे.

आता व्यवहाराचे बोलू. कुणाला दम लागत असेल तर काय करावे?

पहिली गोष्ट. दोन आठवडे झाले तरी खोकला जात नाही, दम लागतो, वजन उतरते, संध्याकाळी ताप येतो, तर "कोविडचंच राहिलंय" असे घरी बसून ठरवू नका. आपल्या भागात क्षय अजून गेलेला नाही. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी आणि क्षयाचे औषध मोफत आहे, आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा पैसे खात्यावर येतात. २०१८ साली ते ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० केले आहेत. क्षयानेही फुप्फुसात वण पडतात आणि फोटोत पाहणाऱ्याची फसगत होऊ शकते. दम लागण्याची कारणे आणखीही असतात. अंगात रक्त कमी असले तरी लागतो, हृदय कमजोर असले तरी लागतो. आपल्या भगिनींत तर रक्त कमी असणे घरोघरी आहे. म्हणून आधी तपासणी, मग निदान.

दुसरी गोष्ट. सहा मिनिटे चालण्याची एक साधी चाचणी आहे. २०२१ साली आरोग्य खात्याने ती घरीच करायला सांगितली होती. बसून बोटाचा आकडा घ्या, मग सपाट जागेवर आपल्या चालीने सहा मिनिटे चाला, मग पुन्हा आकडा घ्या. तीनहून जास्त अंकांनी खाली आला किंवा ९३ च्या खाली गेला, तर डॉक्टर गाठा. म्हातारा माणूस असेल तर तीन मिनिटे पुरे, आणि सोबत कुणीतरी पाहिजे. चालताना छातीत दुखले किंवा डोळ्यापुढे अंधारी आली तर तिथेच थांबा. बसल्या जागीच आकडा कमी असेल किंवा दम लागत असेल तर ही चाचणी करूच नका, सरळ दवाखान्यात जा. माझा आकडा बसून ९५ होता आणि चालल्यावर ८७. त्या आकड्याने माझी लाज मोडली. कारण आकडा खोटे बोलत नाही आणि आकड्याला कुणी आळशी म्हणत नाही.

तिसरी गोष्ट, औषधांची. २०२० च्या जूनमध्ये इंग्लंडमधल्या एका मोठ्या चाचणीत दिसले की डेक्सामेथासोन या स्वस्त औषधाने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी झाले. त्याच चाचणीत हेही दिसले की ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना त्याचा फायदा झाला नाही. आपल्या लोकांनी अर्धेच ऐकले. चिठ्ठ्या एकमेकांना दाखवून तीच गोळी घेतली, साखर वाढली. २०२१ साली काळ्या बुरशीने किती जणांचे डोळे गेले ते आपण पाहिले आहे. आजार संपल्यानंतर उरलेल्या सुजेवर कधी कधी डॉक्टर थोड्या आठवड्यांसाठी ही गोळी देतात, मलाही दिली होती. पण ती मोजून घ्यायची आणि सांगितल्याप्रमाणे हळूहळू बंद करायची. जाळीवर पिरफेनिडोन आणि निन्टेडॅनिब अशी औषधे आहेत, ती मुळात जाळीच्या दुसऱ्या एका आजारासाठी आहेत. ती जाळी वाढण्याचा वेग कमी करतात, झालेला वण पुसत नाहीत. ती महाग आहेत आणि प्रत्येकाला लागतही नाहीत. कुणी चूर्ण किंवा काढा देऊन "जाळी साफ करतो" म्हणाला, तर त्याच्या हातावर दक्षिणा ठेवू नका.

चौथी गोष्ट, हालचाल. दम लागतो म्हणून माणूस खाटेला चिकटतो, मग पायातली शक्ती जाते, मग आणखी लवकर दम लागतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज थोडे चाला. नाकाने श्वास घ्या आणि शीळ घालताना ओठ करतो तसे करून सावकाश सोडा. पोटावर हात ठेवून, पोट वर येईल असा श्वास घ्या. पूर्ण पोटभर न खाता थोडे थोडे खा. मी गावठाणापासून ओढ्यापर्यंत चालायला लागलो, आधी तीन थांबे, मग दोन, मग एक. आपण इथे आनापानसती करतो, येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे पाहतो. मला त्याचा उपयोग झाला, कारण दम लागला की जी घाबरगुंडी उडते ती कमी झाली. परंतु ध्यानाने वण भरून येतो असे मी सांगणार नाही. तसे सांगणे म्हणजे तथागतांनी जे तपासून घ्यायला सांगितले तेच न तपासता विकणे होय.

पाचवी गोष्ट सांगताना थोडा संकोच होतो. आपल्या विहाराचे सभागृह लहान आहे, खिडक्या दोन. पौर्णिमेला आपण पंचवीस-तीस अगरबत्त्या एकदम लावतो. मागच्या रांगेत बसलेले तीन-चार जण खोकत उठून जातात, हे मी मोजले आहे. ते श्रद्धा कमी म्हणून जात नाहीत, छातीला सोसत नाही म्हणून जातात. धूर कोणताही असो, चुलीचा, विडीचा, उदबत्तीचा की फटाक्यांचा, छातीला तो धूरच. माझी समितीला नम्र विनंती आहे की आत फुले आणि एक दिवा असावा, अगरबत्ती बाहेर पायरीजवळ लावावी, आणि जयंतीच्या मिरवणुकीत फटाके बंद करावेत. त्या पैशातून दोन ऑक्सिमीटर येतील. कुणाला हे पटणार नाही, त्यांनी माझ्याशी जरूर भांडावे. मात्र भांडण्याआधी एकदा मागच्या रांगेत बसून पाहावे.

आणि पैशाचे एक. आपण सुप्याची माणसे. याच सुप्यात १२ मे १८७५ रोजी कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, कर्जरोखे जाळले, आणि ते लोण पुणे-नगर जिल्ह्यांत पसरले. दीडशे वर्षे झाली, सावकाराचे रूप बदलले. २०२१ साली आपल्या किती घरांनी खाटेसाठी आणि इंजेक्शनसाठी दागिने मोडले, शेरडे विकली, कर्ज काढले? जे गेले त्यांच्या वारसांना सरकारने ५० हजार रुपये दिले, ते सर्वोच्च न्यायालयाने कान धरल्यावर. पण जे वाचले आणि छातीने अधू झाले, त्यांच्यासाठी त्या अनुदानात जागा नव्हती. म्हणून आहे ते तरी सोडू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपले उपचार बसतात का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला पैसे भरण्यापूर्वी विचारा. ज्यांच्या पगारातून कामगार राज्य विम्याची कपात होते त्यांनी आपले कार्ड घरात कुठे आहे ते आज रात्री शोधा. बारामतीला २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्यात ससून आहे. जुने फोटो आणि रिपोर्ट फेकू नका. नवा फोटो जुन्याशेजारी ठेवल्यावरच डॉक्टरला कळते की जाळी वाढतेय की थांबलीय.

शेवटी दोनच आठवणी सांगतो. एक भिक्खू आजारी पडला, घाणीत पडून राहिला, सोबतचे भिक्खू त्याच्याकडे फिरकेनात. तथागतांनी आनंदला पाणी आणायला लावले, स्वतः त्याला धुतले, स्वतः उचलून खाटेवर ठेवले, आणि मग संघाला विचारले की याची सेवा का केली नाही. आणि दुसरी आठवण आपल्या पुण्याची. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला पाठीवर घेतले आणि डॉ. यशवंतच्या दवाखान्यात पोचवले. मुलगा वाचला, सावित्रीबाई १० मार्चला गेल्या. त्यांनी त्या मुलाला विचारले नाही की तुला चालता का येत नाही, आळस आहे का.

आपल्याला पाठीवर कुणाला घ्यायचे नाही. आपल्याला फार थोडे करायचे आहे. विहारात एक ऑक्सिमीटर आणि एक वही ठेवू. दर पौर्णिमेला वंदनेनंतर ज्याला दम लागतो त्याने आकडा घ्यावा, लिहावा, आणि दोन शिकलेल्या पोरांनी ज्याचा आकडा खाली असेल त्याला पुढच्या आठवड्यात दवाखान्यात नेऊन आणावे. वहीत पहिले नाव माझे लिहा. आणि पायऱ्यांच्या मध्यावर, सहाव्या पायरीशेजारी जो कट्टा आहे तिथे एक खुर्ची ठेवा. मी आता सातव्या पायरीपर्यंत न थांबता येतो, त्यापुढे मला थांबावे लागते आणि डॉक्टर म्हणतात की आता एवढेच राहील. मला त्याचे दुःख नाही. मात्र तिथे खुर्ची असली म्हणजे थांबणाऱ्याला बूट बांधायचे नाटक करावे लागणार नाही.